मदत हवी आहे : अर्धं रान तीन वर्षं नांगरलं नाही, उतारा कमीच. परवा नांगर घालू का?

काळीमाती७२ : सरळ विचारतो. सोयाबीन-हरभरा. दोन एकर नेहमीसारखं, म्हणजे नांगरट, दोन पाळ्या, पेरणी. शेजारचं दोन एकर नुसतं पेरणीयंत्र. यंदा सोयाबीन नांगरलेल्यात एकरी ८ क्विंटल, दुसऱ्यात साडेपाच. सेंद्रिय कर्बही, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत राहणारा कार्बन, दोन्हीकडे सारखाच. वडील म्हणतात, पुरे झाले प्रयोग. परवा ट्रॅक्टरवाला येतोय, लवकर सांगा.

बांधावरून : जमीन कुठली? जिल्हा? भुसकट रानात ठेवता की काढता?

काळीमाती७२ : भारी काळी, परभणीकडे. भुसकट जनावरांना. ते तर सगळेच काढतात.

रानभूल : मग कर्ब वाढणार कुठून? घरातून सगळं नेलं आणि कणगी का भरत नाही विचारताय. २०१५ साली 'नेचर'मध्ये ६१० अभ्यासांचा एकत्र हिशोब आला होता. नुसती नांगरणी सोडली की उत्पादन घटतं. अवशेष रानात ठेवून पिकांची फेरपालट केली की घट कमी होते, कोरड्या भागातल्या कोरडवाहूत तर वाढही दिसली.

खिल्लारी : मी म्हणतो ट्रॅक्टरच नको. बैलजोडी घ्या, वखर चालवा.

काळीमाती७२ : बैल विचारले का मी?

गादीवाफा : नेरळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे, त्यांचं विनानांगरणीचं सगुणा तंत्र करा. गादीवाफे एकदाच पाडायचे, मुळं जमिनीतच कुजू द्यायची. माझं चौथं वर्ष.

रानभूल : आणि तणनाशकाचे किती कॅन लागले, तेही सांगा.

गादीवाफा : तुम्ही खुरपायला बाया आणून द्या, सोडतो तणनाशक.

मृदगंध : भांडण बाजूला ठेवा. कर्बाचा नमुना किती खोल घेतला? मशागत थांबली की कर्ब वरच्या चार बोटांत साठतो, खाली फारसा फरक नसतो. निदान ३० सेंमीपर्यंत थर वेगळे काढून तपासा. तसं कर्बाला तीन वर्षं म्हणजे काहीच नाही. आणि दोन्ही तुकडे सारख्या उतारावर आहेत का?

काळीमाती७२ : नमुना वीतभर. नांगरलेला विहिरीकडे, वरच्या अंगाला. दुसरा ओढ्याकडे. श्रावणात तिथं चार-पाच दिवस पाणी थांबतं, टाच टेकली की ठशात पाणी येतं, पानं पिवळी पडतात. पण ते आधीपासूनचंच आहे.

मृदगंध : अहो, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! अमेरिकेत ओहायोत १९६२ पासून वूस्टरला आणि १९६३ पासून हॉइटव्हिलला हीच तुलना चालू आहे. निचऱ्याच्या वूस्टरमध्ये विनानांगरणी मका नांगरटीच्या बरोबरीनं किंवा जास्त आला. हॉइटव्हिलच्या चिबड, म्हणजे पाणी तुंबणाऱ्या चिकणमातीत, मक्यावर मका घेतला तिथं सुरुवातीची वर्षं मागं पडला. तुम्ही न नांगरायला नेमकं चिबडच निवडलंत. शिवाय एकेकच तुकडा, म्हणजे फरक नांगराचा की उताराचा, कळणार कसं? दोन्हीकडे आडव्या पट्ट्या पाडा, एक आड एक.

बांधावरून : ओढ्याकडचं रान नांगरत होतात तेव्हा किती व्हायचं?

काळीमाती७२ : पाच-सहा.

बांधावरून : क्विंटल?

काळीमाती७२ : हो. वडिलांना आत्ताच विचारलं. ते गप्प झालेत.

खिल्लारी : ट्रॅक्टरवाला एकरी काय घेतो तुमच्याकडे?