मुकादममामांचा उद्या शेवटचा दिवस

ए-३०२ काकू: नमस्कार मंडळी. उद्या ३१ मार्च. मुकादममामा आणि दोघी मावशींचं कंत्राट संपतंय. तीन वर्षं त्यांनी मागच्या टेकडीवरची घाणेरीची झुडपं काढली, शंखी गोगलगायी वेचल्या. निरोपाचं मी आठ दिवसांपूर्वीच टाकलं होतं. एकानेही उत्तर दिलं नाही. फार वाईट वाटलं.

सेक्रेटरी: काकू, भावना समजतात. पण ती माणसं सोसायटीची नाहीत, त्यांना कामावर ठेवणाऱ्या संस्थेची आहेत.

बी-७०४: सोसायटी फंडातून खर्च नको. वर्गणी ऐच्छिक ठेवा.

सी-१०१ ताई: खर्चाचं नंतर बघा हो. पहिल्याच पावसात माझं पपईचं रोप एका रात्रीत साफ झालं होतं, आठवतंय? मावशींनी ओलं गोणपाट अंथरलं, खाली कोबीची पानं. सकाळी उचललं तर मुठीएवढ्या गोगलगायी! हातमोज्यांशिवाय हात लावू दिला नाही. त्यांच्यातला जंत माणसाच्या मेंदूपर्यंत जाऊ शकतो.

बी-५०२: गोगलगाय नि पोटात पाय! कमिटीला कळलं असेल 😄

सेक्रेटरी: पार्किंगचा विषय इथे नको.

बी-५०२: मी पार्किंगचं नाव तरी काढलं का?

बी-७०४: पुन्हा सांगतो, सोसायटी फंडातून खर्च नको.

ए-६०१ आजोबा: भांडू नका रे. घाणेरीवर फुलपाखरं यायची मात्र. उगाच काढली.

ए-३०२ काकू: आजोबा, यायची, खरंय. पण तिच्याखाली दुसरं फारसं काही उगवत नाही. इंग्रजांच्या काळात बागेच्या शोभेसाठी आणलेलं हे अमेरिकेतलं झुडूप. बुलबुल फळं खातात आणि बी डोंगरभर टाकतात. वरून छाटली की पुन्हा जोमाने फुटते. म्हणून मामा मातीखाली चार बोटं कुदळ घालून मूळ तोडतात आणि झुडूप उलटं करून ठेवतात, मुळं आभाळाकडे. मावशींचे हात पाहिलेत कधी? कोपरापर्यंत ओरखडे. गेल्या श्रावणात तिथे कमरेएवढं गवत होतं, ते त्या हातांमुळे.

ए-६०१ आजोबा: हे ठाऊक नव्हतं. मी येतो उद्या.

बी-७०४: फंडातून नसेल तर माझे ५०१ लिहा.

बी-५०२: माझेही ५०१. मावशींना साड्या घेऊया?

सी-१०१ ताई: साड्या मी आणते. पण पाऊस लागला की गोगलगायी कोण वेचणार?

सेक्रेटरी: संस्थेला पत्र दिलंय. उत्तर नाही.

ए-३०२ काकू: मामांना आज विचारलं, तुम्हाला काय हवं? म्हणाले, "पाण्याच्या टाकीमागे तीन-चार झुडपं राहिलीत ताई. पावसाआधी काढा, नाहीतर पुन्हा पसरतील."

सी-१०१ ताई: कुदळ आहे का कुणाकडे?

ए-६०१ आजोबा: माझ्याकडे आहे. दांडा हलतोय थोडा.

सेक्रेटरी: उद्या साडेपाचला मागच्या गेटपाशी जमूया. किल्ली मी आणतो. चहा माझ्याकडून.