मदत हवी आहे: बंद पडलेल्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड (प्रोग्रामरनं लिहिलेला मूळ प्रोग्राम) कंपनीकडे मागायचा कसा?

नमस्कार मंडळी. सांगलीच्या मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे. शेतकऱ्यांच्या पट्ट्या (माल विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) करायला वडिलांनी २००१ साली डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टीमवर, चालणारं एक सॉफ्टवेअर घेतलं. पोत्यांची वजनं, सौद्याचा दर, हमाली, तोलाई, आधी दिलेली उचल भरली की डॉट मॅट्रिक्सवर मराठीत पट्टी निघायची. प्रिंटरच्या पोर्टात कंपनीचं लॉक (चोरीची प्रत चालू नये म्हणून लावायचं छोटं उपकरण) बसवलेलं असल्याशिवाय प्रोग्राम उघडत नाही. गेल्या महिन्यात त्या लॉकनं मान टाकली.

मूळ कंपनी दुसरीनं विकत घेतलीय. तिथं फोन केला तर "ते प्रॉडक्ट बंद झालं, नवीन घ्या." नवीन घेऊच हो, पण जुन्या हिशेबांचं काय? गावभागातल्या घरी ठेवलेल्या वह्यांचा २०१९ च्या महापुरात लगदा झाला. परवा मिरज तालुक्यातले एक आजोबा २०११ च्या पट्टीची नक्कल मागायला आले, भावाभावांच्या वाटणीसाठी हवी होती. तासभर बसले आणि रिकाम्या हातानं गेले. मला फार लागलं ते.

त्या सॉफ्टवेअरनं हिशेब साठवलेल्या डीबीएफ फायली लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या. आकडे दिसतात, पण नावांच्या जागी भलतीच चिन्हं येतात, कारण मजकूर युनिकोडच्या (अक्षरं साठवायच्या आजच्या सर्वमान्य पद्धतीच्या) आधीच्या कुठल्याशा पद्धतीत साठवलेला आहे.

जे कंपनी विकतच नाही, त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला केल्यानं तिचं काय बुडणार? ब्लेंडर हे थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी बंद पडली तेव्हा लोकांनी सात आठवड्यांत १ लाख युरो जमवून २००२ मध्ये त्याचा कोड सोडवून घेतला. तेवढे पैसे आमच्याकडे नाहीत, पण यार्डातले सात-आठ दुकानदार सह्या द्यायला तयार आहेत. पत्र कुणाच्या नावे द्यावं? आणि सगळा कोड मागावा की थोडकं मागावं?

प्रतिसाद

दादा, सगळ्यात आधी त्या हार्ड डिस्कची पूर्ण प्रत आजच्या आज काढून ठेवा.

अशी पत्रं येतात त्या बाजूला मी नोकरी केलीय. नकार बहुतेक वेळा आडमुठेपणानं येत नाही. कोडची जुनी सीडी कुणाला सापडत नाही, नाहीतर त्यातला एखादा भाग तिसऱ्याच्या मालकीचा निघतो. १९९७ मध्ये 'डूम' गेमचा कोड खुला झाला तेव्हा आवाजाचा भाग दुसऱ्यांचा म्हणून वगळावा लागला होता. म्हणून पत्रातच लिहा, "परक्या मालकीचं काढून उरलेलं द्या, आहे तसं द्या, हमी नको, सपोर्ट नको." कोड खुला करताना वापरतात तो एमआयटी लायसन्स नावाचा छोटा परवाना सुचवा, त्यात हमी नाकारलेलीच असते. तेही जमत नसेल तर अक्षरांचा तक्ता (फायलीतलं कुठलं चिन्ह म्हणजे कुठलं मराठी अक्षर) आणि लॉकविना चालणारी प्रत एवढं तरी मागा. पत्र संचालकांच्या नावे द्या, प्रत कायदा विभागाला, सोबत खरेदीचं बिल जोडा.

एखादी जुनी छापील पट्टी आहे का? तीच नोंद फायलीत शोधून अक्षराला अक्षर लावत गेलात तर तक्ता तुम्हालाच बनवता येईल.

धागाकर्ता

माळ्यावर २००६ च्या पट्ट्यांचा गठ्ठा सापडला! वडील वाचून दाखवतायत, मी जुळवतोय. 'पाटील' लागलं, 'म्हेत्रे'तल्या जोडाक्षरांवर अडलोय. पत्राचा मसुदा उद्या इथेच टाकतो, तपासून द्या.