मॅजिकजॅक घरी आणि प्रवासात
कुणीतरी विचारलंय, अमेरिकेतनं आणलेलं मॅजिकजॅक, म्हणजे इंटरनेटवरनं फोन लावायचं छोटं यंत्र, निपाणीत चालेल का. चालतंय की! कॉम्प्युटरच्या यूएसबीला लावायचं, मागं घरातल्या साध्या फोनची वायर खुपसायची, डायल टोन आला की झालं. नंबर अमेरिकेचाच राहतोय, त्यामुळं न्यू जर्सीतनं लेकीनं बेळगावला फोन लावला तरी तिला तो तिथलाच कॉल पडतोय. पण जुन्या मॉडेलला कॉम्प्युटर कायम चालू पायजे, करंट गेला की फोन बंद, म्हणून खानापूर, चिकोडीकडच्यांनी थेट राउटरला लागणारं मॉडेल घ्या आणि ते न् राउटर दोन्ही यूपीएसवर ठेवा, म्हातारी माणसं फोनची वाट बघत बसतात हो. इंटरनेटचं स्पीड शंभरेक केबीपीएस पुरतं, आवाज तुटत असेल तर घरात कोण व्हिडिओ अपलोड करतंय ते आधी बघा. प्रवासात मात्र लॅपटॉपला लावून हेडफोनवर बोललेलंच बरं, हॉटेलच्या वायफायला लॉगिन मागतंय, ते लॅपटॉपवर करता येतंय ना.