पूमसेत वय आडवं येत नाही, गुडघा येतो

पंचविशी उलटली की तायक्वांदोवाल्याचं करिअर संपलं, असं लोक म्हणतात. लढतीपुरता तो मुद्दा पटतो. पूमसेला, म्हणजे समोर प्रतिस्पर्धी नसताना ठरलेल्या क्रमाने वार-बचावाच्या हालचाली सादर करण्याच्या तायक्वांदोच्या प्रकाराला, तो लागू नाही. पूमसेची पहिली जागतिक स्पर्धा २००६ साली सोलला झाली, आणि तिथे चाळिशी, पन्नाशी, साठीवाल्यांचेही वेगळे गट असतात. मी स्वतः लेकीला क्लासला सोडता सोडता बेचाळिसाव्या वर्षी पट्टा बांधला. पूमसेत दहापैकी चार गुण अचूकतेचे, सहा सादरीकरणाचे. बारीक चुकीला ०.१ जातो, मोठ्या चुकीला ०.३. माझे सगळे ०.१ मागच्या पायात जायचे! आप-कुबीत (पुढचा गुडघा वाकवून, मागचा पाय ताठ ठेवून लांब उभं राहणं) मागचं पाऊल साधारण तीस अंशांत हवं, माझं बदकासारखं बाहेर. सरांनी फरशीवर खडूने रेघ मारून दिली, त्या रेघेवर दोन महिने घासले. आता पाऊल बसतं, पण कोर्यो नावाच्या पूमसेतली जोडलाथ (आधी खाली, मग पाय न टेकवता वर) मारताना गुडघा कुरकुरतो.

अडचण वयाची नाही, पैशाची आहे. पूमसे आशियाई खेळांत २०१८ साली जकार्तात आलं, ऑलिंपिकमध्ये अजून नाही. त्यामुळे प्रायोजक विचारत नाहीत. अरुणाचलची रूपा बायोर मुंबईत सराव करून २०२४ ला व्हिएतनाममधल्या दानांगच्या आशियाई पूमसे स्पर्धेत कांस्य घेऊन आली. आमच्या सोसायटीत विचारा, एकालाही नाव माहीत नसेल.