मुंजीच्या सरबतासाठी साखरेचं सिरप आधीच करून ठेवायचंय, प्रमाण काय घेऊ?

इंदूरची_सून
नमस्कार मंडळी, पुढच्या रविवारी पुतण्याची मुंज आहे, घरीच, सुदामा नगरात. पन्नासेक माणसं येतील आणि ऊन तर तुम्ही बघताच आहात. लिंबू सरबताचं खातं माझ्याकडे आलंय. गार पाण्यात साखर ढवळत बसलं की निम्मी तळाशीच राहते, पहिल्या ग्लासवाल्याला आंबट आणि शेवटच्याला नुसतं गोडमिट्ट, म्हणून सिरप करून ठेवते म्हटलं. तर सासूबाई म्हणतात एकतारी पाक कर, नणंद पुण्याहून फोनवर सांगते एकास एक घे आणि उकळूसुद्धा नको, शेजारच्या भाभी म्हणतात दोनास एक चाशनी. कोणाचं ऐकू? आणि फ्रीजमध्ये जागा अजिबात नाहीये (श्रीखंड, दूध, फुलं, हार सगळं त्यातच) तर बाहेर टिकेल का? उरलं तर पोरांच्या कोल्ड कॉफीत घालीन.

बरणीवाली_काकू
अगं सासूबाईंचं ऐक पण अर्धंच 😄 साखर पाण्यात घालून गॅसवर ठेवायची हे बरोबर, तार मात्र बघायची नाही. एकतारी रव्याच्या लाडवाला ठीक, सरबताला केलास तर गार झाल्यावर बाटलीत खडीसाखर होऊन बसेल आणि मग चमच्याने खरवड. साखर विरघळली, एक उकळी आली, झालं, गॅस बंद. सुटी साखर असेल तर उकळताना किलोमागे दोन चमचे दूध घाल, मळी वर येते ती झाऱ्याने काढून टाक आणि मलमलच्या कपड्यातून गाळ. पाकिटातली पांढरीशुभ्र साखर असेल तर काही गरज नाही, आमच्या वेळी साखरेत पोत्याचे धागे पण निघायचे म्हणून ते सगळं करावं लागायचं.

लॅबवाला_इंदूर
काकू बरोबर बोलतायत. तुमची नणंद आणि भाभी पण दोघी बरोबरच आहेत, फक्त दोन वेगळ्या वस्तूंबद्दल बोलून राहिल्यात. एकास एक म्हणजे पातळ सिरप, लगेच मिसळतं, पण त्यात निम्मं पाणी असतं म्हणून बुरशी आणि आंबणं दोन्ही जमतं, या उकाड्यात बाहेर ठेवलंत तर दोन-चार दिवसांत वास बदलेल, फ्रीजमध्ये महिनाभर चालतं. दोनास एक म्हणजे साखर जवळपास ६७ टक्के. २० डिग्रीला पाणी साधारण तेवढीच साखर धरून ठेवू शकतं, म्हणून ते टिकतं चांगलं, बाहेर ठेवायचं तर हेच करा. पण तुम्ही अजून आटवलंत की जास्तीची साखर गार झाल्यावर खडे होऊन बाहेर पडणारच. म्हणून विरघळल्यावर उकळत ठेवायचं नाही.

आणि वाट्यांनी मोजू नका, वजनाने मोजा. मापाचा कप २४० मिलीचा, त्यात साखर भरते २०० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे कपाने "एकास एक" घेतलं की ते मुळात एकास एक नसतंच. शिवाय एक कप साखर आणि एक कप पाण्याचं सिरप दोन कप होत नाही, दीड कप होतं, त्यामुळे बाटल्यांचा अंदाज चुकतो.

तुमचा हिशोब: ग्लासला २५ ग्रॅम साखर धरा (दोन मोठे चमचे), ६० ग्लास धरले तर दीड किलो साखर, पाऊण लिटर पाणी. सिरप होईल पावणेदोन लिटरच्या थोडं आत. ग्लासला २८-३० मिली पुरेल. लिंबं ग्लासला अर्धं म्हणून तीसेक घ्या, रस त्याच दिवशी सकाळी काढा, आधी काढून ठेवलेला रस कडवट लागतो.

इंदूरची_सून
वा, हे भारी झालं, किराण्याच्या यादीत आत्ताच लिहिलं. पण मग सिरपमध्ये लिंबू घालतात ते कशाला? सासूबाई पाकात नेहमी पिळतात.

लॅबवाला_इंदूर
ते चवीसाठी नाही. आंबट घालून उकळलं की साखरेचा थोडा भाग तुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतो, आणि अशी मिसळ असली की साखरेला खडे धरायला अवघड जातं. किलोला पाव चहाचा चमचा सायट्रिक अ‍ॅसिड (आपल्याकडे लिंबाचं सत म्हणतात ते) किंवा दीड मोठा चमचा लिंबाचा रस घाला, आणि मग मात्र झाकण ठेवून मंद आचेवर दहा मिनिटं ठेवावं लागतं, नुसतं वरून पिळून उपयोग नाही. झाकणामुळे पाणी फारसं उडत नाही आणि कडेला चिकटलेले साखरेचे कण वाफेने धुऊन खाली येतात, नाहीतर तेच कण पुढे खड्यांचं बी होतात. भांडं स्टीलचं, अ‍ॅल्युमिनियमचं नको. कोल्ड कॉफीसाठी एक छोटी बाटली मात्र आंबट न घालता वेगळी भरा, दुधाशी कशाला खेळ.

सराफ्याचा_भिया
काय भिया लोकं, एवढं शास्त्र! आमच्याकडे आत्या वाळ्याची मुळं रात्रभर पाण्यात भिजवते, सकाळी ते पाणी गाळून त्यातच साखर घालते, एकदम थंड वास येतो, मुंजीत लोकं विचारत बसतील काय घातलंय. आणि पाहुणे पुण्याचे असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा की लिंबाच्या सरबताला इथे शिकंजी म्हणून मागू नका, आमची शिकंजी दुधाची आणि सुक्यामेव्याची असते, चमच्याने खावी लागते, माझा पुण्याचा मेहुणा अजून धक्क्यात आहे 😂

बरणीवाली_काकू
वाळा घालशील तर निवडून चांगला धुऊन घे, माती फार असते. बाटल्या काचेच्या, उकळत्या पाण्यातून काढून पूर्ण कोरड्या केलेल्या, पाण्याचा एक थेंब राहिला तरी बुरशी तिथूनच सुरू होते. सिरप कोमट झाल्यावर भर, गरम भरलंस तर गार काच तडकेल. काढताना उष्टा चमचा जाऊ देऊ नको, पोरं बोटं बुडवतात.

इंदूरची_सून
नक्की काकू. दोनास एक आणि लिंबाचं सत, ठरलं. शुक्रवारी करते. मीठ मात्र त्यात आधी घालत नाही, आमच्याकडे दोन जण बिनमिठाचं पितात. बर्फ बाजारातून सिल्ली आणायची म्हणून दीर बसलेत, ती चालेल का पातेल्यात?

सराफ्याचा_भिया
पातेल्यात नको हो. तो बर्फ खायच्या पाण्याचा असेलच असं नाही, घमेल्यात फोडून पातेलं त्यात ठेवा, वर ओलं फडकं. ग्लासात घालायला घरचा ट्रेचा जमवा, शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये आत्तापासूनच ट्रे लावून टाका.