‘डोळे झाकून रिमेक घ्या’ म्हणणाऱ्यांसाठी

खाडीकाठचा (राजापूर)
काल मांडवीकरांनी लिहिलं, "जुने डंजन (भुयारातले) गेम खेळायचे तर डोळे झाकून रिमेक घ्या, जुन्या आवृत्त्या हट्टी लोकांसाठी आहेत." हे वाचून गप्प बसवेना.

1981 ची ‘विझर्ड्री’ घ्या. दहा मजले, प्रत्येक वीस बाय वीस घरांचा. त्यात स्पिनरचं घर असतं. पाय पडला की पार्टीचं (आपल्या पात्रांच्या टोळीचं) तोंड गपचूप दुसरीकडे वळतं, गेम अवाक्षर काढत नाही. नकाशा आपला आपण वहीत काढायचा, त्यामुळे पुढची चार-पाच घरं तुम्ही चुकीची काढता. मग अचानक भिंत जुळत नाही आणि पोटात गोळा येतो. आता तिथे बाणवाला ऑटोमॅप, म्हणजे आपोआप निघणारा नकाशा, ठेवा. बाण वळलेला दिसला, खेळ खल्लास. डुमापिकचंही, म्हणजे आपली जागा सांगणाऱ्या मंत्राचंही, तेच. पहिल्या पातळीचे मंत्र मोजकेच, ते कॅटिनोसाठी (शत्रूला झोपवणारा मंत्र) राखायचे की आपण कुठे आहोत हे कळायला खर्चायचे, यातच सगळी मजा होती. नकाशा फुकट मिळाल्यावर डुमापिक कोण म्हणेल?

म्हणून घेताना एवढंच बघा, जुने नियम परत लावता येतात का. डिजिटल इक्लिप्सचा 2024 चा ‘विझर्ड्री’ मूळ कोडवरच उभा आहे, ॲपल टू या जुन्या कॉम्प्युटरचा स्क्रीन कोपऱ्यात चालू दिसतो आणि बरेचसे जुने नियम सेटिंगमधून लावता येतात. तो बिनधास्त घ्या. ‘बार्ड्स टेल’च्या 2018 च्या ट्रिलजीतही नंतर लेगसी मोड (जुन्या नियमांचा पर्याय) आला. पण डोळे उघडे ठेवून घ्या.

मांडवीकर (रत्नागिरी)
एवढं लिहून शेवटी रिमेकच सुचवलात, मग भांडण कशाचं? आणि ‘मूळ, मूळ’ म्हणजे कुठलं मूळ? फॅमिकॉम या जपानी गेमयंत्रासाठी काढलेल्या 1987 च्या पोर्टमध्ये (आवृत्तीत) बगमुळे चिलखताचा आकडा लागूच होत नाही. केंटारो हानेदांचं संगीत अप्रतिम, पण चिलखत घालून उपयोग शून्य! असले पोर्ट लोकांच्या गळ्यात मारायचे का? शिवाय मला नोकरी आहे. पावसाळ्यात इथे लाईट केव्हा जाईल सांगता येत नाही. ज्यात आपोआप सेव्ह होत नाही तो गेम कोकणात खेळण्यालायकच नाही.

खाडीकाठचा
लाईटचं कारण पुढे करू नका. ‘विझर्ड्री’त पात्रांची नोंद डिस्कवरच असायची. भुयारात राहिलेली पार्टी ‘आउट’ दिसायची आणि युटिलिटीच्या मेन्यूतून पुन्हा सुरू करता यायची. एक्केचाळीस सालचा नव्हे, 81 सालचा गेम आहे तो.

वेंगुर्ल्याची
दादा, लाईट जाते ते परवडलं, येते तेव्हाचं बोला. तौक्ते वादळानंतर आमच्याकडे लाईट आली ती अशी झटक्याने की माझ्या पीसीचा पॉवर सप्लाय जळाला, सोबत हार्ड डिस्क. तेव्हापासून बॅटरीवर चालणाऱ्या हातातल्या मशीनवर खेळते, मुलगी झोपल्यावर. मला मध्येच उठावं लागतं. ऑटोसेव्ह माझ्यासाठी चैन नाही.

दापोलीचा
इन्व्हर्टर घ्या ना! निसर्ग वादळानंतर (जून 2020) आमच्याकडे खांबच झोपले होते, कित्येक आठवडे अंधार. इन्व्हर्टरही किती पुरणार म्हणा. पण झाडं तोडायला पावसाआधी कोणी येत नाही, हे कधी बोलणार आपण?

वाशिष्ठीकाठी (चिपळूण)
वह्यांचं कौतुक करणाऱ्यांनी 22 जुलै 2021 चा पूर आठवावा. ‘माइट अँड मॅजिक’चे माझे सगळे नकाशे ग्राफच्या वहीत होते, शिसपेन्सिलीने काढलेले, दारं लाल, सापळे निळे. पाणी ओसरल्यावर वही उचलली तर पानं एकमेकांना चिकटलेली आणि मध्ये चिखलाचा थर. क्लाउडवरचे सेव्ह तेवढे जसेच्या तसे मिळाले. आता सांगा, हट्टी कोण?

खाडीकाठचा
वही गेल्याचं वाईट वाटतं, मनापासून. पण त्याने स्पिनरचा मुद्दा खोटा ठरत नाही.

वाशिष्ठीकाठी
लोकांची घरं गेली आणि तुम्हाला स्पिनर सुचतोय?

खाडीकाठचा
पूर चर्चेत मी आणला नाही. तुम्ही आणलात.

मालवणातलो
विषय खयचो आणि तुमी पोचलात खंय! ‘एट्रियन ओडिसी’चं कोणी नाव घेईना. तिथे नकाशा हाताने काढणं हाच गेमचा अर्धा जीव. डीएस या दोन स्क्रीनच्या हातातल्या मशीनवर खालच्या स्क्रीनवर स्टायलसने काढायचो. 2023 च्या एचडी आवृत्तीत दोन स्क्रीनचं एकात कोंबलंय, तरी नकाशा तुमचा तुम्हीच काढता. आणि तो सेव्हसोबत राहतो, पुरात भिजत नाही. खाडीकाठच्याला हवं ते आहे, चिपळूणवाल्यालाही.

वेंगुर्ल्याची
हे पटलं. नकाशा काढायला माझी ना नाही, मला फक्त मध्येच उठता आलं पाहिजे.

खाडीकाठचा
ताई, मग तुमच्याशी माझं भांडणच नाही. सेव्ह आपोआप होऊ दे. नकाशा आपोआप नको.

मांडवीकर
स्पिनरचं मान्य, तेवढंच. 2024 वाला घेतो. पहिल्या मजल्यावर नकाशा उघडणार नाही, वहीत काढेन. ऑटोसेव्ह मात्र चालूच राहणार.

खाडीकाठचा
राहू दे. पण देवळात मेलेलं पात्र उठवताना फसलं आणि त्याची राख झाली, तर सेव्हची जुनी प्रत लावणार नाही असं इथे लिहून द्या.

मांडवीकर
ते लिहून देत नाही.