साओ पाउलोत हॉस्टेलवर राहावं का? माळकरी आहे, ऑगस्टात जातोय

चिकोडीकर_ऊसवाला

नमस्कार मंडळी. मी चिकोडी तालुक्यातला, साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत कामाला आहे. येत्या ऑगस्टात ब्राझीलला निघालोय. तिथं सेर्ताओझिन्यो गावात फेनासुक्रो म्हणून साखर आणि इथेनॉलच्या यंत्रांचं प्रदर्शन भरतं, ते बघायचं फार दिवस मनात होतं. प्रदर्शनातली सोय कारखाना करणार. पण जाता-येता साओ पाउलो शहरात जे राहायचं ते माझ्या पदरचं, आणि तिथल्या हॉटेलांचे दर काही आपल्याला झेपणारे नाहीत.

पुतण्या म्हणतो, काका, बॅकपॅकर हॉस्टेल घ्या, एका खोलीत सहा-आठ जण, आपली फक्त एक कॉट. माझं वय ४६. पोरासोरांत जाऊन झोपायचं कसं वाटेल? सामान सुरक्षित राहतं का? दुसरं म्हणजे गळ्यात माळ आहे आणि नेमका श्रावण. मांस, मासे, अंडं काही चालत नाही. घरच्यांना जास्त काळजी त्याचीच आहे. तिथं राहून आलेलं कुणी असेल तर सविस्तर सांगा.

कॅम्पातला_पिंट्या

अप्पा, मस्तच की! मी स्वतः गेलेलो नाही, पण भाऊ तिकडं नोकरीला होता. तो म्हणतो हॉस्टेल-बिस्टेल नको, रेपुब्लिका भागात जुनी हॉटेलं स्वस्त मिळतात, दार लावून निवांत झोपायचं. मी पण पुढच्या वर्षी जाऊलालोय, काय ठरतंय ते इथं लिहा.

खानापूरचा_फिटर

ऊसवाले दादा, हॉस्टेलातच राहा. ऊसतोडणी यंत्रांच्या हायड्रॉलिकच्या कामासाठी माझं तिकडं जाणं झालं, आणि मुक्काम दर वेळी हॉस्टेलातच होता. वयाचं मनातून काढा. तिथं सगळी पोरंच नसतात. ब्राझीलच्याच दुसऱ्या राज्यांतून परीक्षेला, मुलाखतीला, दवाखान्याच्या कामाला आलेली पन्नाशीची माणसंसुद्धा कॉट घेऊन राहतात. काही हॉस्टेलं सामाईक खोलीला वयाची अट घालतात, तेवढं बुकिंगच्या वेळी नियमांत वाचून घ्या.

पिंट्या, तुझ्या भावाच्या वेळी काय होतं ते मला माहीत नाही, पण दादांना मी रेपुब्लिका सांगणार नाही. दिवसा तो भाग बघण्यासारखा आहे, जुन्या इमारती आहेत, गर्दी असते. रात्री मात्र रेपुब्लिका, लुझ, से या मध्यभागातल्या गल्ल्यांतून नवख्या माणसानं बॅग ओढत जायला नको. लुझच्या आसपास बरीच वर्षं नशेच्या आहारी गेलेल्या लोकांचे जथे रस्त्यावरच राहत होते. तिथं राहून पैसे वाचतात, पण त्यापायी संध्याकाळनंतर बाहेर पडायची सोय राहत नाही.

माझ्या मते हॉस्टेल निवडताना आधी मेट्रोचा नकाशा बघावा, खोलीचे फोटो नंतर. तुम्हाला सेर्ताओझिन्योला जायचं म्हणजे आधी रिबेइराओ प्रेतो शहर गाठायचं, आणि तिकडच्या बसा चिएते स्थानकातून सुटतात. हे बसस्थानक केवढं आहे ते बघितल्यावरच कळेल, जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक आहे. ते मेट्रोच्या निळ्या लाइनवर, स्टेशनला लागूनच. म्हणून मी निळ्या लाइनवरचं विला मारियाना किंवा आना रोझा निवडतो. वस्ती कुटुंबांची आहे, पायी अंतरावर किराणा मिळतो, आणि पहाटे बॅग घेऊन निघालं की गाडी न बदलता थेट चिएते. आना रोझाला हिरवी लाइनही मिळते, तिनं पाउलिस्ता रस्त्यावर जाता येतं. विला मादालेना नावाचा भाग सगळे सुचवतील. तो छान आहे, पण शुक्रवार-शनिवारी रात्रभर बार चालतात आणि झोप मिळत नाही. तुम्हाला पहाटे उठायची सवय असणार, तुमचं तिथं जमायचं नाही.

विमान ग्वारुल्योसला उतरतं, शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटर. दिवसा पोचलात तर विमानतळावरून तातुआपे मेट्रोपर्यंत बस आहे. तिथून लाल लाइननं से, से स्टेशनात आतल्या आत निळी लाइन धरायची, जाबाक्वारा दिशेची. संध्याकाळी सहाच्या सुमाराला से स्टेशनात मुंबईच्या दादरला लाजवेल अशी गर्दी होते, तेव्हा मोठी बॅग घेऊन शिरू नका. रात्री पोचत असाल तर पैशाचा विचार न करता उबर करा.

आता खोलीचं. आपल्या नावाची कॉट आणि एक लॉकर मिळतो. कुलूप बऱ्याचदा आपलंच न्यावं लागतं. बेळगावच्या खडेबाजारातलं जाड दांड्याचं कुलूप लॉकरच्या कडीत शिरत नाही, बारीक दांड्याचं घ्या. पासपोर्ट, जादाचे पैसे, लॅपटॉप लॉकरमध्ये, खिशात पासपोर्टची झेरॉक्स. खालची कॉट हवी असं बुकिंग करतानाच लिहा, मिळते. पोचल्यावर पासपोर्टची माहिती घेऊन एक नोंदणी अर्ज भरून घेतात, त्यात पुढचा मुक्कामही विचारतात. सगळीकडे तीच पद्धत आहे.

विजेचं नीट लक्षात ठेवा. साओ पाउलोत सॉकेटला साधारण १२७ व्होल्ट असतात. मोबाइल, लॅपटॉपच्या चार्जरवर १००-२४० लिहिलेलं असतं, ते चालतात. घरची पाणी तापवायची किटली नेलीत तर ती नुसती कोमट होत बसेल. आपली बारीक दोन पिनांची पिन तिथल्या सॉकेटात बसते, जाड तीन पिनांची बसत नाही. आंघोळीचं पाणी शॉवरच्या तोटीतच विजेवर तापतं. थंड वाटलं म्हणून नळ जास्त सोडला तर आणखी थंड येतं, धार बारीक केली की कढत येतं. संडासात कागद टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा. एक प्लॅस्टिकचा मग बॅगेत असू द्या, हातशॉवर प्रत्येक ठिकाणी नसतो.

थंडीचं सांगतो. साओ पाउलो समुद्रसपाटीपासून जवळजवळ बेळगावाइतक्याच उंचीवर आहे, साडेसातशे मीटरच्या वर. ऑगस्ट म्हणजे तिकडचा हिवाळा. रात्री पारा बारा अंशांच्या आसपास जातो आणि खोल्यांना हीटर नसतो. कधी झिमझिम पाऊस आला तर तो अगदी आपल्या ओळखीचा. एक स्वेटर आणि कानटोपी पुरे.

खानापूरचा_फिटर

जेवणाचं वेगळं लिहितो, कारण घरच्यांना काळजी त्याचीच आहे, आणि मला यावर मनापासून सांगायचंय. दादा, तुमची उपासमार होणार नाही. स्वयंपाकघर असलेलंच हॉस्टेल घ्या, बाकी कशातही तडजोड करा. बहुतेक ठिकाणी गॅस, भांडी, फ्रीज सगळं असतं. फ्रीजमधल्या पिशवीवर नाव आणि तारीख लिहायची, आणि वापरलेलं भांडं तिथल्या तिथं घासून ठेवायचं.

दुकानात फुबा नावाचं मक्याचं पीठ मिळतं, बारीक दळलेलं आणि स्वस्त. कढत पाण्यात मळलं की भाकरी होते. जोंधळ्याची चव नाही, पण तव्यावर फुगते. त्याच्याबरोबर कोउव्ही नावाची हिरवी पालेभाजी लसूण-मिरचीवर परतायची. घरून हळद, तिखट, जिरं-मोहरी आणि शेंगदाण्याची चटणी न्या. मी भाकऱ्या थापत असलो की कोणी ना कोणी येऊन उभं राहायचं. तो भात-बीन्स पुढं करणार, मी भाकरी देणार. त्यांची भाषा मला येत नव्हती, तरी त्या टेबलावर बसून जी माणसं जोडली गेली ती हॉटेलच्या बंद खोलीत कुठून भेटणार? पिरासिकाबाच्या शेतकी कॉलेजातला एक मुलगा असाच भेटला. आपल्या भागातला ऊस कसा लावतात, तोडणी कोण करतं, टोळ्या कुठून येतात, हे त्यानं मला मध्यरात्रीपर्यंत विचारलं.

बाहेर जेवायचं तर दुपारी 'पोर किलो' खानावळी शोधा. ताट आपण वाढून घ्यायचं आणि वजनावर पैसे द्यायचे. भात, कोशिंबिरी, उकडलेल्या भाज्या, रताळं, मांडिओका नावाचा कंद, सगळं समोर दिसतं. बीन्सच्या बाबतीत मात्र विचारल्याशिवाय वाढून घेऊ नका, त्यात डुकराचं मांस घालायची पद्धत आहे. बुधवारी आणि शनिवारी काळ्या बीन्सचं मोठं भांडं दिसलं तर ती फेइजोआदा, तिला हात लावू नका. फारोफा म्हणून भाजलेलं पीठ असतं, त्यातही बऱ्याचदा मांसाचे तुकडे असतात. नुसतं 'मांस नको' म्हटलं तर कोंबडी किंवा हॅम येऊ शकतं, सकाळच्या नाश्त्याच्या सँडविचमध्येसुद्धा. म्हणून गाय, कोंबडी, डुक्कर, मासा, अंडं, सगळ्यांची नावं पोर्तुगीजमध्ये लिहून कागद खिशात ठेवा आणि तोच पुढं करा.

श्रावणातल्या एकादशीला काय, हे तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. रस्त्यावर तापिओका मिळतो. मांडिओकाच्या कंदाचं सत्त्व गरम तव्यावर पसरलं की आपोआप चिकटून धिरडं होतं, आत ओलं खोबरं घालून देतात. आपला साबुदाणा याच कंदापासून करतात आणि कंद मूळचा तिकडचाच. तवा वेगळा आहे का तेवढं बघा, त्याच तव्यावर चिकनचाही करतात.

आणि ऊसवाल्या माणसानं चुकवू नये असा तिथला आठवडी बाजार. प्रत्येक वस्तीत ठरलेल्या दिवशी रस्ता बंद करून भरतो, दुपारपर्यंत उठतो. तिथं उसाचा रस मिळतो, लिंबू किंवा अननस घालून. त्याच्याबरोबर पास्तेल नावाची तळलेली मोठी चौकोनी पुरी खातात. चीजची मिळते, पण कढई एकच असते, तेव्हा माळकऱ्यानं रसावरच थांबावं. त्या दिवसांत तिकडं गाळप जोरात असतं, एप्रिल ते नोव्हेंबर त्यांचा हंगाम. आपले कारखाने बंद असताना ताजा रस प्यायला मिळेल.

टिळकवाडीची_अक्का

फिटरभाऊंनी छान लिहिलंय. एक महत्त्वाचं राहिलं. पिवळ्या तापाची लस घेतल्याशिवाय जाऊ नका. ब्राझीलहून परत येताना भारतात उतरल्यावर त्या लशीचा पिवळा दाखला मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. दाखला लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो, म्हणून जुलैतच उरकून टाका. लस ठरावीक सरकारी केंद्रांतच मिळते. आपल्याला गोव्यात वास्कोला मुरगाव बंदराचं आरोग्य कार्यालय जवळ पडतं, लोंढ्यावरून रेल्वेनं जाता येतं. आधी फोन करून वार विचारून घ्या. एकदा घेतली की जन्मभर चालते.

मी लेकीबरोबर गेले होते, आम्ही फक्त बायकांची खोली घेतली. बाथरूम खोलीलाच जोडलेलं होतं, त्याचे थोडे जास्त पैसे पडले पण मला ते पटलं. मोबाइलच्या बाबतीत फार जपा हो. पाउलिस्तावर मोटारसायकलवरून येऊन हातातला फोन ओढतात. नकाशा बघायचा तर दुकानात शिरून बघायचा. रविवारी तो रस्ता गाड्यांना बंद असतो, सगळं शहर चालायला उतरतं, गाणी-बजावणी चालते. तो दिवस जमवा.

चिकोडीकर_ऊसवाला

फिटरदादा, अक्का, तुमचे उपकार मानावे तेवढे थोडे. सगळं वाचून घरी मोठ्यानं वाचून दाखवलं. आई शेंगदाण्याच्या चटणीचं आत्ताच बोलायला लागली. एकच विचारतो. मी पहाटे साडेचारला उठतो, हरिपाठ म्हणतो. सहा जणांच्या खोलीत ते कसं करायचं? दुसऱ्यांची झोप मोडणं मला पटणार नाही.

खानापूरचा_फिटर

खोलीत नको. घड्याळाचा गजर आवाजाचा लावू नका, फोन थरथरता ठेवून उशीखाली ठेवा. कपडे, टॉवेल, पोथी रात्रीच एका कापडी पिशवीत काढून ठेवा, म्हणजे पहाटे प्लॅस्टिकची खसखस नको आणि लॉकरही उघडायला नको. मग खाली बैठकीत किंवा गच्चीवर जाऊन बसा. त्या वेळेला तिथं कोणी नसतं. रात्रपाळीच्या माणसाला आदल्या दिवशी सांगून ठेवा, तो दिवा लावून देईल. टाळ घरी ठेवा, तेवढंच.

आणि घरी फोन करायला तीच वेळ सोडून दुसरी धरा. आपण त्यांच्या साडेआठ तास पुढं आहोत. तिथं रात्री दहाला फोन केलात तर घरी सकाळचे साडेसहा, आई उठलेली असेल.

रिबेइराओ प्रेतोची बस चार-साडेचार तास घेते. दिवसाची घ्या आणि खिडकीजवळ बसा. शहर संपलं की पुढं उसाचे फड लागतात, तोडणी यंत्रं चालू दिसतील. फोटो इथं टाका, मला बघायचेत.